जुन्या वेगवान सेडान आणि हॅचबॅक : किंमत वाढल्यामुळे वाचताहेत की संपताहेत?

निळी_खिडकी

माझ्याकडे सतरा वर्षांपासून प्यूजो २०५ जीटीआय आहे, म्हणजे साध्या २०५ ची वेगवान आवृत्ती. १.९ लिटरवाली, १९८९ ची. घेतली तेव्हा ती एक जुनी हॅचबॅक होती, एवढंच. मागच्या सीटवर लेकाची खुर्ची बांधून त्याला पाळणाघरात सोडलंय, मागची सीट पाडून कपाटाच्या फळ्या आणल्यात, कित्येक पावसाळे ती उघड्यावर उभी राहिलीय.

मागच्या वर्षी विम्यासाठी मूल्यांकन करून घेतलं. आकडा आला घेतल्या किमतीच्या नऊपट! तपासायला आलेले गृहस्थ जाताना म्हणाले, "आता हिला रस्त्यावर उभी करत जाऊ नका." त्या एका वाक्याने माझं काहीतरी बिघडलं. नंतरच्या सात महिन्यांत मी ती जेमतेम तीनदा बाहेर काढली. कुठे लावायची, कोणी घासून गेलं तर, कोणी उचलून नेली तर, हेच डोक्यात. विकायची नाहीये, हे नक्की.

तर प्रश्न असा : किंमत वाढल्यामुळे या गाड्या वाचताहेत की संपताहेत? तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत किंवा होत्या, ते काय करतात?

भटक्या६३

पाळणाघरात २०५ जीटीआय! भाग्यवान आहे तुमचा मुलगा.

मला वाटतं या गाड्यांचं सगळं मर्म तुमच्या पहिल्या परिच्छेदात आलंय. त्या रोजच्या वापराच्या गाड्या होत्या. फोक्सवॅगनने पहिली गोल्फ जीटीआय १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली तेव्हा बेत ५,००० गाड्यांचा होता. ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोच्या थोडं वर. बाकी तीच गोल्फ जी शेजारची शिक्षिका चालवत असेल. पुढच्या जाळीला लाल किनार, चौकड्यांचं सीटकव्हर, गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. ते सीटकव्हर आणि ती मूठ गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची कल्पना. ५,००० चा बेत होता आणि पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त गेल्या.

स्पोर्ट्स कार दोघांची असते. ही पाच जणांची होती. म्हणून लोकांना तिचा लळा लागला.

मोजपट्टी

चांगला धागा. आधी 'दुर्मीळ' या शब्दाचा गुंता सोडवू या, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात.

काही गाड्या जन्मतःच मोजक्या होत्या. त्यांचं कारण शर्यतीचे नियम. ग्रुप ए, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या शर्यतीच्या वर्गात उतरायचं तर १२ महिन्यांत ५,००० गाड्या बनवून दाखवाव्या लागत आणि त्यात सुधारणा हवी असेल तर आणखी ५०० सुधारित गाड्या. म्हणून फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थ ५,५४५ बनल्या, त्यातल्याच ५०० गाड्यांची टिकफर्ड या इंग्लिश कंपनीने १९८७ मध्ये आरएस५०० केली. मर्सिडीज १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन २, मागे तो प्रचंड पंख असलेली, ५०२. त्याच्याही आधीची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो घ्या. १९७३ मध्ये आली, नेमकं तेलसंकट उभं राहिलं आणि १,६७२ वर थांबली.

दुसऱ्या गाड्या ढिगाने बनल्या आणि नंतर विरळ झाल्या. २०५ जीटीआय त्यातली. या दुसऱ्या प्रकाराची आकडेवारी कारखान्याच्या वहीत सापडत नाही, ती भंगारात आहे. आज किती गाड्या मूळ इंजिन, मूळ पत्रा, मूळ सीटसकट उभ्या आहेत, तो खरा आकडा. ब्रिटनमध्ये नोंदणीचे सरकारी आकडे कोणालाही पाहता येतात. एखादं मॉडेल निवडून वर्षागणिक उतरत जाणारी ती रेघ बघितली की पोटात खड्डा पडतो.

कोपऱ्यातली_जागा

वाचतेय. कॉसवर्थ म्हणजे नक्की कोण? गाडीची कंपनी का?

मोजपट्टी

कोपऱ्यातली_जागा, इंजिनं बनवणारी इंग्लिश कंपनी. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून झालेलं नाव. फॉर्म्युला वनमधलं त्यांचं डीएफव्ही इंजिन जगप्रसिद्ध आहे. मर्सिडीज १९० ई २.३-१६ चं सोळा व्हॉल्व्हचं हेडही त्यांचंच.

रात्रपाळी

गाड्या कुठे गेल्या ते मी सांगतो, एक तरी नक्की.

थोरला भाऊ ब्रिटनमध्ये होता तेव्हा त्याच्याकडे सिएरा सॅफायर कॉसवर्थ होती. १९८८ ची, चार दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी. बाहेरून ऑफिसला जाणाऱ्या कारकुनाची गाडी वाटावी अशी. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीत गेलो होतो. टर्बो भरला की आधी एक श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा आणि मग पाठ सीटला चिकटायची. तो आवाज माझ्या कानात आजही आहे.

त्या काळी या गाड्यांवर चोरांचा डोळा असायचा. दादाने स्टेअरिंगला कुलूप लावलं होतं, वर एक छुपं बटण बसवलं होतं. तरी एका पहाटे जागा रिकामी. नऊ दिवसांनी पोलिसांचा फोन आला. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, चाकं काढून उरलेला सांगाडा जाळला होता. दादा बघायला गेला आणि परत आल्यावर दोन दिवस बोलला नाही. पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता इतका चढा मागितला की तशी गाडी त्याने पुन्हा घेतलीच नाही.

म्हणून निळी_खिडकी, तुमची भीती मला कळते. ती उगाच नाही.

सुताराचा_नातू

मी जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करतो, बावीस वर्षं झाली. माझं उत्तर स्वच्छ आहे : किंमत वाढली म्हणून गाड्या वाचल्या.

हिशोब सांगतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशी गाडी यायची. दारांखालच्या पट्ट्या (सिल) गंजलेल्या, चाकांच्या कमानी गेलेल्या, फ्लोअरला भोक. नुसत्या वेल्डिंगची मजुरीच गाडीच्या किमतीच्या दुप्पट. मालकाला सांगितलं की तो मान खाली घालायचा आणि गाडी भंगारात जायची. स्वस्ताईने जितक्या गाड्या मारल्या तितक्या चोरांनीही मारल्या नसतील. पहिला मालक जपायचा, दुसरा सांभाळायचा, तिसरा-चौथा पैसे नसताना घ्यायचा. तो स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायचा, टर्बोचं प्रेशर वाढवायचा, ऑइल मात्र बदलायचा नाही. आज तीच गंजलेली गाडी आली तर मालक म्हणतो, करा काम.

दुसरं म्हणजे सुटे भाग. भाग मिळत नाहीत म्हणून उभ्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या. गाडीला मोल आलं की भाग बनवणं कंपनीला परवडतं. लॅन्सिया डेल्टा इंटिग्रालेचे बंपर फियाटच्या हेरिटेज विभागाने २०२० मध्ये नव्याने बनवून विकायला काढले. गाडीला भाव नसता तर हे साचे कोणी केले असते?

अवांतर : इंटिग्राले बघायला गेलात तर पुढच्या काचेच्या कोपऱ्यांपाशी, खांब छताला मिळतो तिथे बोट फिरवा. ताण तिथे येतो आणि पत्र्याला तडा जातो. वरून रंग नवा असेल तर जास्त संशय घ्या.

भटक्या६३

सुताराचा_नातू, +१. इंटिग्रालेचं नाव निघालं म्हणून सांगतो : १९८७ ते १९९२, सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद लॅन्सिया डेल्टाकडे होतं. पाच दारांची, घरगुती चौकोनी गाडी!

अरुंधती_क

सुताराचा_नातू यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मला चित्राची दुसरी बाजू जास्त दिसते.

भाव फक्त टोकावरच्या गाड्यांना आला. त्यांच्या साध्या बहिणींचं काय झालं? साधी १.३ सिएरा, साधी दोन दारांची एस्कॉर्ट, १.१ ची २०५. त्यांचे सांगाडे जीटीआय आणि फोर्डच्या वेगवान आरएस दुरुस्त करायला कापले गेले. बोनेट, दारं, काचा, डॅशबोर्ड, सगळं तिकडे. आणि काहींच्या अंगावर तर आरएसचे बिल्ले, पंख, मोठी चाकं चढवून त्या 'खऱ्या' म्हणून विकल्या गेल्या. आज शोधायला गेलं तर एखाद्या मॉडेलची सगळ्यात साधी आवृत्ती सगळ्यात वेगवान आवृत्तीपेक्षा दुर्मीळ निघते, कारण ती जपायचं कारणच कोणाला दिसलं नाही.

माझ्या बाबांची साधी हॅचबॅक होती, तशी मी सहा वर्षं शोधतेय. जीटीआय रोज दिसतात विक्रीला. तशी साधी एकही नाही. ज्या वेगवान गाडीचं कौतुक 'साध्या गाडीतून जन्मली' म्हणून आपण करतो, ती साधी गाडीच शेजारी नसेल तर ते कौतुक पुढच्या पिढीला कळणार कसं?

सुताराचा_नातू

अरुंधतीताई, खरं आहे. मी स्वतः अशा दोन साध्या गाड्या कापल्यात. त्या वेळी वाईट वाटलं नव्हतं, आता वाटतं.

चौथा_गिअर

मी जरा वेगळं बोलतो. माझ्याकडे बीएमडब्ल्यू ई३० एम३ आहे, आठ वर्षं झाली, आणि मी ती वर्षाकाठी पाचशे किलोमीटरही चालवत नाही. ते मला चुकीचं वाटत नाही.

ही गाडी साधी ई३०, म्हणजे त्या पिढीची साधी ३ सिरीज, नाही. बोनेट सोडलं तर बाहेरचे बहुतेक पत्रे वेगळे आहेत. फुगलेल्या कमानी, मागची काच जास्त तिरकी, डिकी उंच. २.३ लिटरचं चार सिलिंडरचं एस१४ इंजिन, युरोपातल्या गाड्यांना पहिला गिअर डावीकडे खाली. शर्यतीत दुसरा-तिसरा सतत बदलायचे असतात, ते एका सरळ रेषेत यावेत म्हणून. ही वस्तू एका काळाचा पुरावा आहे. संग्रहालयातलं भांडं कोणी चुलीवर चढवत नाही. मूळ रंग, मूळ सीट, मूळ कागद, सर्व्हिसच्या नोंदींची वही, हे एकदा गेलं की पुन्हा येत नाही. पैसा हे एक कारण आहेच, लपवत नाही. पण मी ती नासू दिली नाही, याचं मला समाधान आहे.

रात्रपाळी

चौथा_गिअर, मान्य नाही. भांडं चुलीवर न चढवता शंभर वर्षं टिकतं. गाडी टिकत नाही. सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेक धरतात.

चौथा_गिअर

म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण गरम होईपर्यंत फिरवतो. पाचशे किलोमीटर त्यातच होतात. नुसतं जागेवर इंजिन सुरू करून बंद करणं सगळ्यात वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि तो आतून सडतो. त्यावर आपलं एकमत असावं.

रात्रपाळी

त्यावर आहे.

गल्लीतला_वारा

किमतींचं बोलताय तर एक मोठं कारण राहिलं. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी आणायची असेल तर तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. त्यामुळे जी गाडी तिकडे कधी विकलीच गेली नाही, ती पंचविशीत पोचली की एका नव्या खंडाचे गिऱ्हाईक तिच्यामागे लागतात. एस्कॉर्ट कॉसवर्थ, इंटिग्राले, जपानी गाड्या, सगळ्यांचं हेच झालं. आधीच थोड्या, त्यातल्या चांगल्या गाड्या बोटीने तिकडे गेल्या.

आणि दुसरं कारण वयाचं. भिंतीवर ज्या गाडीचं चित्र लावलं होतं, ती घ्यायला माणसाच्या हातात पैसे येतात पन्नाशीच्या आसपास.

भटक्या६३

भिंतीवरच्या चित्राचं म्हणाल तर माझ्या भिंतीवर लोटस कार्लटन होती. काही देशांत तिलाच लोटस ओमेगा म्हणत. चार दारांची मोठी सेडान, ३.६ लिटर, दोन टर्बो, ३७७ अश्वशक्ती, ताशी २८० किलोमीटरच्या वर. १९९० ते १९९२ मध्ये फक्त ९५०. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ओरड केली होती की कुटुंबाच्या गाडीला एवढा वेग हवाच कशाला, बंदी घाला. चोरलेली एक कार्लटन घेऊन दरोडेखोर दुकानं फोडत फिरत होते आणि पोलिसांना ती गाठता येत नव्हती.

कोपऱ्यातली_जागा

भटक्या६३, हे एखाद्या कथेत शोभेल!

अशाच आणखी गोष्टी सांगा ना कोणीतरी.

मोजपट्टी

मर्सिडीजची सांगतो. १९८३ मध्ये १९० ई २.३-१६ इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ५०,००० किलोमीटर पळवली, सरासरी ताशी २४७ किलोमीटरच्या वर. मग मे १९८४ मध्ये न्यूरबर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला एकसारख्या १९० मध्ये नामवंत चालकांची शर्यत लावली. निकी लाउडासारखे जगज्जेते होते त्यात. जिंकला फॉर्म्युला वनमध्ये नुकताच आलेला आयर्टन सेन्ना.

आणि लॅन्सिया थेमा ८.३२. समोरून शांत इटालियन सेडान, बोनेटखाली फेरारीचं व्ही८. ८ सिलिंडर, ३२ व्हॉल्व्ह, म्हणून ते नाव.

अरुंधती_क

किमतीचा आणि गाडीच्या गुणांचा संबंध कसा सुटतो, त्याचं एक उदाहरण देते. डायानाची एस्कॉर्ट आरएस टर्बो. त्या मालिकेतल्या बाकीच्या जवळपास सगळ्या पांढऱ्या, तिची काळी, लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून. २०२२ च्या लिलावात साडेसहा लाख पौंड. ते मोल इतिहासाचं आहे, मला ते पटतं. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक एस्कॉर्टवाल्याने आपली किंमत वाढवली असेल तर ते पटत नाही. लिलावात एक गाडी विकली जाते, भाव मात्र सगळ्यांचा धरला जातो.

गल्लीतला_वारा

अनुमोदन. दुर्मिळतेवर विसंबून राहू नये हे क्लिओ विल्यम्सच्या पहिल्या मालकांना विचारा. १९९३ मध्ये रेनॉने क्रमांक कोरलेली पट्टी लावून, मोजक्याच बनणार म्हणून विकली. खपली छान. मग कंपनीने विल्यम्स २ काढली, मग ३. पहिले मालक खवळले आणि त्यांचं बरोबर होतं. पण गाडी? दोन लिटर, १५० अश्वशक्ती, निळा रंग, सोनेरी चाकं. तिन्ही आवृत्त्या चालवायला तितक्याच गोड.

नवा_परवाना

मी एकवीस वर्षांचा आहे. यातली एकही गाडी चालवलेली नाही आणि या भावात चालवायला मिळेल असं वाटत नाही. आजची साधी इलेक्ट्रिक गाडीसुद्धा सिग्नलवरून यांच्या पुढे निघते. मग यांच्यात असं काय आहे? मनापासून विचारतोय.

निळी_खिडकी

नवा_परवाना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायला हवं, कारण चार दिवस हा धागा वाचून मी काल पहाटे साडेपाचला गाडी काढली.

काय आहे ते सांगते. गाडी जेमतेम नऊशे किलोची आहे. खिडक्या मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चारही कोपरे कुठे आहेत ते बसल्या जागी कळतं. माझ्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. उभी असताना हात भरून येतात, पण एकदा चालायला लागली की रस्त्यावरचा खडा, ओल, पट्टा, सगळं तळव्यात येतं. ती चालवताना दुसरं काही मनात येत नाही. वळणात शिरल्यावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडलास तर वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर निघतो. या गाड्यांनी त्यापायी पुष्कळ झाडं आणि कठडे पाहिलेत. ती तुझी चूक झाकत नाही, आणि चांगलं चालवलंस तर तेही झाकत नाही. सिग्नलवरची शर्यत तू जिंकशील. हे तुला तिथे मिळणार नाही.

ताशी साठनेच चालले होते बहुतेक वेळ. तेवढ्यातही खूप मजा आली.

आता सगळ्यांना. चौथा_गिअर, तुमचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या गाडीचा तो मार्ग आहे. माझी गाडी मात्र कधीच कपाटातली नव्हती. तिच्या मागच्या सीटवर लेकाने पेनाने काढलेली रेघ आहे, ती मूल्यांकनात 'दोष' म्हणून नोंदली गेली. मी ती पुसणार नाही. विमा ठरलेल्या रकमेचा करून घेतलाय, माग काढणारं यंत्र बसवून घेतेय. आठवड्यातून दोनदा ऑफिसला हीच.

आणि सुताराचा_नातू, एक अडचण. इतके महिने उभी ठेवल्यामुळे निघताना मागून खट्ट आवाज झाला, मग मोकळी झाली. पण खड्ड्यातून जाताना मागे कुरकुर येते. आधी नव्हती. काय बघू?

सुताराचा_नातू

ताई, खट्ट झालं ते हँडब्रेकचं. ओढून ठेवला होतात ना? मागचे पॅड डिस्कला गंजून चिकटतात. यापुढे गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाची ठोकळी लावा, हँडब्रेक मोकळा सोडा.

कुरकुर मात्र हसण्यावारी नेऊ नका. २०५ ला मागे टॉर्शन बारचा ॲक्सल आहे, त्याच्या हातांमध्ये नीडल बेअरिंग असतात. सील जुने झाले की पाणी शिरतं आणि बेअरिंग झिजतं. सपाट जागी गाडी लावून मागे दहा पावलं जा आणि खाली बसून बघा. चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली, तर झीज पुढे गेली आहे. दोन्ही बाजू सारख्याच आहेत का, तेही बघा.

निळी_खिडकी

आत्ता बघून आले. उजवं सरळ आहे. डावं किंचित आत, लक्ष देऊन बघितलं तर कळतं इतपत.

सुताराचा_नातू

मग लवकर खोला. आत्ता बेअरिंग आणि सीलवर भागेल. थांबलात तर आतला शाफ्ट खाचतो आणि अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. खोलल्यावर शाफ्टचे फोटो इथे टाका, सांगतो.

रात्रपाळी

आणि ऑफिसला जातानाचा एक फोटोही टाका. दादाला दाखवायचाय.